पवनचक्की वितरण जाळ्याला जोडताना: कोल्हापूर परिसरातील उद्योजक, शेतकरी आणि वीजग्राहकांचे नेहमीचे प्रश्न

सातारा जिल्ह्यातील चाळकेवाडी, ठोसेघर आणि वनकुसवडे, तसेच सांगली जिल्ह्यातील ढालगाव आणि गुढे-पाचगणी या पठारांवरील पवनचक्क्या कोल्हापूरकरांच्या परिचयाच्या आहेत. शिरोली आणि गोकुळ शिरगाव येथील फौंड्रीचालक, इचलकरंजीतील यंत्रमागधारक आणि पठारावर जमीन असलेले शेतकरी यांच्याकडून या विजेविषयी विचारले जाणारे प्रश्न बहुधा 'किती मेगावॅट' येथून सुरू होतात. प्रत्यक्षात तो मेगावॅट तारेच्या कोणत्या टोकाला आणि वर्षाच्या कोणत्या महिन्यात येतो, यावर त्याचा विद्युत परिणामही ठरतो आणि आर्थिक परिणामही. पुढील उत्तरे त्या दृष्टीने लिहिली आहेत.

पवनचक्की नेमकी कोणत्या तारांना जोडली जाते?

आधुनिक पवनचक्कीचा जनरेटर बहुधा ६९० व्होल्टवर वीज तयार करतो. मनोऱ्याच्या पायथ्याशी असलेला ट्रान्सफॉर्मर ती ३३ केव्हीपर्यंत (३३,००० व्होल्ट) चढवतो, अनेक पवनचक्क्यांच्या ३३ केव्ही तारा एका सामायिक उपकेंद्रात एकत्र येतात आणि तेथून ती वीज १३२ किंवा २२० केव्हीवर महापारेषणच्या जाळ्यात जाते. म्हणजे मोठ्या पवन प्रकल्पांचा गावातील तारांवर थेट भार येतच नाही. या पानावरील प्रश्न उद्भवतात ते एखाददुसरी पवनचक्की महावितरणच्या आधीपासून असलेल्या ११, २२ किंवा ३३ केव्ही फिडरला, म्हणजे उपकेंद्रातून निघणाऱ्या वाहिनीला, जोडली जाते तेव्हा. हे फिडर उपकेंद्राकडून ग्राहकाकडे, अशा एकाच दिशेने वीज वाहील असे गृहीत धरून बांधलेले आहेत. केंद्रीय विद्युत प्राधिकरणाने ३३ केव्हीपेक्षा कमी दाबावर जोडल्या जाणाऱ्या विकेंद्रित निर्मितीसाठी २०१३ मध्ये स्वतंत्र तांत्रिक मानके केली, त्यामागे हेच कारण आहे.

पवनचक्कीमुळे व्होल्टेज वाढते असे म्हणतात. ते कसे, आणि किती?

या विषयातला सर्वांत महत्त्वाचा प्रश्न हाच आहे, म्हणून थोडे आकडे मांडून पाहू. पाटाच्या शेवटच्या शेतकऱ्याला पाणी कमी मिळते, तसे फिडरच्या शेवटच्या ग्राहकाला व्होल्टेज कमी मिळते, ही आपली सवयीची परिस्थिती आहे. त्या शेवटच्या टोकालाच वीज तयार होऊ लागली, की हे चित्र उलटते. वीज उपकेंद्राकडे ढकलायची असेल तर टोकाचे व्होल्टेज उपकेंद्रापेक्षा जास्त असावे लागते.

समजा, ११ केव्हीचा १० किलोमीटर लांबीचा फिडर आहे आणि त्यावर डॉग जातीची तार आहे. तिचा रोध किलोमीटरला सुमारे ०.२८ ओहम, म्हणजे एकूण २.८ ओहम होतो. टोकाला २ मेगावॅटची पवनचक्की पूर्ण क्षमतेने चालत आहे आणि फिडरवर लोड जवळजवळ नाही. अशा वेळी व्होल्टेजची वाढ २० लाख वॅट गुणिले २.८ भागिले ११,००० अशी काढता येते आणि ती सुमारे ५१० व्होल्ट, म्हणजे साडेचार टक्क्यांहून थोडी अधिक येते. प्रवाह मात्र केवळ १०५ अँपिअर आहे. डॉग तार तो सहज पेलते. वितरण जाळ्यात मर्यादा आड येते ती तारेच्या जाडीची नव्हे, तर व्होल्टेजची; अर्जदारांच्या हे सहसा लक्षात येत नाही आणि 'तार तर केवढी मोकळी आहे' हा त्यांचा युक्तिवाद त्यामुळे अपुरा पडतो.

११ केव्हीसाठी मान्य पट्टा अधिक ६ ते उणे ९ टक्के असा आहे, म्हणजे वरची मर्यादा ११.६६ केव्ही. शेवटच्या ग्राहकाला पुरेसे व्होल्टेज मिळावे म्हणून उपकेंद्रातून आधीच ११.२ केव्ही सोडले जात असेल, तर टोकाला ११.७ केव्ही होऊन ही मर्यादा ओलांडली जाते.

याची झळ घरगुती ग्राहकाला बसते का?

बसू शकते, आणि त्याचे कारण बहुतेकदा डीपीच्या पोटात दडलेले असते. गावातील ११ केव्ही ते ४३३ व्होल्टच्या ट्रान्सफॉर्मरला बाहेर पडणारे व्होल्टेज कमीजास्त करणारा एक टॅप असतो आणि तो वीज बंद करून हातानेच बदलावा लागतो. 'मोटर उचलत नाही' अशी तक्रार वर्षानुवर्षे आली, की फिडरच्या शेवटच्या डीपीचा टॅप एखादे घर वर चढवून ठेवला जातो आणि पुढे तो तसाच राहतो. लोड नसताना ११ केव्हीवर अशा ट्रान्सफॉर्मरमधून एका फेजला २५० व्होल्ट मिळतात, ११.७ केव्हीवर २६६ व्होल्ट, आणि टॅप अडीच टक्के वर असेल तर सुमारे २७२ व्होल्ट. पावसाळ्यातील रात्री शेतीपंप बंद, गाव झोपलेले आणि वारा जोरात, अशी वेळ आली तर त्या डीपीखालच्या घरांतील एलईडी दिवे आणि टीव्हीचे अडॅप्टर उडू शकतात. असे झाले तर दोष पवनचक्कीवर ढकलला जातो. खरे तर पवनचक्की जोडण्यापूर्वी त्या फिडरवरील टॅप तपासून खाली घेणे हे काही तासांचे आणि जवळजवळ बिनखर्चाचे काम आहे.

मग उपाय काय? आणि त्याचा खर्च किती?

पहिला उपाय म्हणजे वरच्या दाबावर जोडणी घेणे. तीच पवनचक्की तेवढ्याच रोधाच्या ३३ केव्ही तारेला जोडली, तर व्होल्टेजची वाढ १७० व्होल्ट, म्हणजे जेमतेम अर्धा टक्का राहते. दाब तिप्पट झाल्याने टक्केवारी नवव्या हिश्शावर येते.

दुसरा उपाय म्हणजे पवनचक्कीला रिॲक्टिव्ह पॉवर (प्रत्यक्ष काम न करणारी, पण चुंबकीय क्षेत्रासाठी तारेतून येजा करणारी वीज) ओढायला लावणे. वरच्या उदाहरणातील तारेची रिॲक्टन्स (बदलत्या प्रवाहाला होणारा रोधाखेरीजचा अडथळा) ३.५ ओहम धरली आणि पवनचक्कीने ०.६ मेगाव्हार (रिॲक्टिव्ह पॉवरचे एकक) ओढले, तर सुमारे १९० व्होल्टची वाढ रद्द होते आणि पॉवर फॅक्टरही (एकूण विजेपैकी कामी येणारा हिस्सा) ०.९५ च्या खाली जात नाही. तथापि ही रिॲक्टिव्ह पॉवर उपकेंद्रातून आणावी लागते, तारेतील तूट वाढते आणि तिचा भार अखेर कोणाच्या तरी बिलात येतो. तिसरा उपाय स्वतंत्र एक्सप्रेस फिडरचा, म्हणजे वाटेत दुसरा ग्राहक नसलेल्या वाहिनीचा. तो तांत्रिकदृष्ट्या सर्वांत निर्धोक आणि सर्वांत महाग. चौथा उपाय, म्हणजे व्होल्टेज मर्यादेजवळ पोचताच उत्पादन थोडे कमी करणे, याकडे गुंतवणूकदार संशयाने पाहतात. माझ्या मते लहान प्रकल्पासाठी हा पर्याय गांभीर्याने तपासावा, कारण भरपूर वारा आणि अत्यल्प लोड हे दोन्ही एकाच वेळी असण्याचे तास मोजकेच असतात आणि त्या तासांतील बुडालेली युनिटे स्वतंत्र फिडरच्या व्याजापेक्षा स्वस्त पडू शकतात.

जुन्या आणि नव्या पवनचक्क्यांत जाळ्याच्या दृष्टीने काय फरक आहे?

फार मोठा. सुरुवातीच्या काळातील अनेक पवनचक्क्यांत साधा इंडक्शन जनरेटर होता. तो ठरावीक गतीने फिरतो, चुंबकीकरणासाठी जाळ्यातून रिॲक्टिव्ह पॉवर ओढतो आणि जोडला जाताना धक्का देतो, म्हणून त्याला धक्का सौम्य करणारा सॉफ्ट स्टार्टर आणि रिॲक्टिव्ह पॉवर पुरवणारी कॅपॅसिटर बँक लावावी लागते. पावसाळ्यात कॅपॅसिटरचे फ्यूज उडून बँक अर्धी बंद पडली, की ती पवनचक्की एका बाजूने युनिटे देते आणि दुसऱ्या बाजूने गावाचे व्होल्टेज खाली ओढते. पुढे आलेल्या डबली-फेड जनरेटरमध्ये एकूण क्षमतेच्या सुमारे ३० टक्के क्षमतेचा कन्व्हर्टर (विजेची वारंवारता बदलणारे इलेक्ट्रॉनिक यंत्र) असतो, तर पूर्ण कन्व्हर्टरच्या पवनचक्कीत सगळी वीज इलेक्ट्रॉनिक्समधूनच जाळ्यात जाते आणि पॉवर फॅक्टर हवा तसा ठेवता येतो. महाराष्ट्रात उच्चदाब ग्राहकांचे बिल १ एप्रिल २०२० पासून केव्हीएएच पद्धतीने, म्हणजे रिॲक्टिव्ह पॉवरही हिशेबात धरून, होऊ लागल्यापासून रिॲक्टिव्ह पॉवरचे मोल कोल्हापूरच्या कारखानदारांना वेगळे समजावून सांगावे लागत नाही.

पवनचक्कीमुळे दिवे लुकलुकतात का? फौंड्रीच्या फर्नेसवर परिणाम होतो का?

तीन पात्यांच्या पवनचक्कीचे प्रत्येक पाते मनोऱ्यासमोरून जाताना क्षणभर वारा कमी पडतो. मिनिटाला २० फेरे घेणाऱ्या यंत्रात असे मिनिटाला ६० वेळा, म्हणजे सेकंदाला एकदा घडते. ठरावीक गतीच्या जुन्या यंत्रांत हा चढउतार सरळ व्होल्टेजमध्ये उतरतो, कन्व्हर्टरच्या यंत्रांत तो बराचसा शोषला जातो. त्रास होतो की नाही हे शॉर्ट सर्किट क्षमतेवर, म्हणजे जाळे तेथे किती भक्कम आहे यावर, ठरते. जोडणीच्या बिंदूवरील ही क्षमता पवनचक्कीच्या क्षमतेच्या वीसपंचवीस पट असेल, तर सहसा तक्रार येत नाही.

हार्मोनिक्सच्या, म्हणजे ५० हर्ट्झच्या पटींतील विकृत लहरींच्या, बाबतीत आपल्याकडील परिस्थिती जरा उलटी आहे. शिरोली किंवा कागल-हातकणंगले औद्योगिक वसाहतीतील इंडक्शन फर्नेस स्वतःच हार्मोनिक्सचे मोठे उगमस्थान असतात. त्यांच्यामुळे बिघडलेल्या व्होल्टेजवर पवनचक्कीचा कन्व्हर्टर ट्रिप होण्याची शक्यता पवनचक्कीमुळे फर्नेस बंद पडण्यापेक्षा अधिक. त्यामुळे जोडणीपूर्वी त्या बिंदूवरचे मोजमाप करून ठेवावे, म्हणजे नंतर वाद झाल्यास कोणाचे किती, हे सांगता येते.

गावची लाईट गेली तरी पवनचक्की फिरते. मग तीच वीज गावाला का देत नाहीत?

हा प्रश्न नेहमीच थोड्या रागाने विचारला जातो आणि तो राग समजण्यासारखा आहे. फिडर उपकेंद्रापासून सुटल्यावरही पवनचक्की वीज देत राहिली, तर तारेचा तो तुकडा बेटासारखा एकटा जिवंत राहतो. त्याचे व्होल्टेज आणि ५० हर्ट्झची वारंवारता सांभाळणारे कोणी नसते. लोड आणि वारा यांचा मेळ क्षणोक्षणी बदलत असल्याने व्होल्टेज कुठेही जाऊ शकते. शिवाय पवनचक्कीच्या ट्रान्सफॉर्मरची ११ किंवा ३३ केव्ही बाजू डेल्टा (जमिनीशी न जोडलेली) असेल आणि बेटातील एक फेज जमिनीला टेकली, तर उरलेल्या दोन फेजचे जमिनीशी व्होल्टेज १.७३ पट होते, आणि तेथील लाइटनिंग अरेस्टर व इन्सुलेटर धोक्यात येतात.

सर्वांत मोठा धोका परमिट घेऊन खांबावर चढलेल्या लाइनमनला आहे. त्याने उपकेंद्राकडची बाजू बंद करून घेतलेली असते, पण वीज दुसऱ्या टोकाकडून येते. म्हणून असे बेट तयार झाल्यास २ सेकंदांच्या आत निर्मिती केंद्राने जाळ्यापासून अलग झाले पाहिजे, असे मानक आहे. ज्या फिडरवर अशी जोडणी आहे, तेथे पवनचक्कीकडचा आयसोलेटर उघडल्याची खात्री करून आणि कामाच्या जागेच्या दोन्ही बाजूंना अर्थिंग लावूनच काम करावे. एका बाजूचे अर्थिंग तेथे पुरेसे नाही.

उपकेंद्रातील रिले बदलावे लागतात का?

काही वेळा. फिडरवर फॉल्ट झाला, की पवनचक्कीही त्याला प्रवाह पुरवते. इंडक्शन किंवा सिंक्रोनस जनरेटर सुरुवातीला रेटेड प्रवाहाच्या पाच-सहा पट, तर कन्व्हर्टर जेमतेम सव्वा ते दीडपट. परिणामी उपकेंद्रातील रिलेला (फॉल्ट ओळखून ब्रेकर उघडणाऱ्या उपकरणाला) फॉल्ट प्रत्यक्षापेक्षा लहान दिसू शकतो. किंवा शेजारच्या फिडरवर फॉल्ट असताना पवनचक्कीचा फिडर उगाच ट्रिप होतो. दुसऱ्या प्रकारावर दिशादर्शक रिले हा उपाय आहे. आपोआप पुन्हा जोडणारा ब्रेकर असेल, तर पवनचक्की जाळ्यापासून अलग होण्याआधी तो पुन्हा जोडला जाणार नाही एवढा वेळ त्यात ठेवावा.

स्थानिक निर्मितीमुळे तारेतील तूट कमी होते, हे खरे आहे का?

एका मर्यादेपर्यंत खरे आहे. वरच्याच फिडरच्या टोकाला २ मेगावॅटचे लोड असेल आणि पवनचक्की नसेल, तर तारेत सुमारे ९२ किलोवॅट वाया जातात. टोकाला १ मेगावॅट वीज तयार झाली, की तूट चौथ्या हिश्शावर, २३ किलोवॅटवर येते. २ मेगावॅटला ती जवळपास शून्य होते. ४ मेगावॅट तयार झाले, तर २ मेगावॅट उलटे वाहतात आणि तूट पुन्हा ९२ किलोवॅट होते, आणि ५ मेगावॅटला २०० किलोवॅटच्या पुढे जाते. म्हणजे 'विकेंद्रित वीज तूट वाचवते' हे वाक्य लोडचा आकडा सांगितल्याशिवाय अर्धवट आहे.

कोल्हापूर जिल्ह्यात वारा आणि लोड यांचा हंगाम जुळतो का?

येथेच आपली अडचण आहे आणि येथेच आपली संधीही. सह्याद्रीच्या पठारांवरील पवनऊर्जेचा मोठा हिस्सा जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत मिळतो. नेमक्या याच काळात पंचगंगा, भोगावती आणि दूधगंगा काठचे शेतीपंप बंद असतात, त्यामुळे ग्रामीण फिडरवर वारा सर्वाधिक आणि लोड सर्वांत कमी अशी गाठ पडते. राधानगरी आणि कोयना येथील जलविद्युत केंद्रांनाही तेव्हा पाणी भरपूर असते.

दुसऱ्या बाजूला, साखर कारखान्यांची बगॅसवरील सहवीज गळीत हंगामात, साधारण नोव्हेंबरपासून मार्चपर्यंत येते, जेव्हा वारा मंदावलेला असतो. कारखान्याच्या उपकेंद्रातून बाहेर पडणारी तार पावसाळ्यात बरीचशी रिकामीच असते. त्याच तारेवर हिवाळ्यात बगॅसची आणि पावसाळ्यात वाऱ्याची वीज नेता आली, तर नव्या वाहिनीचा खर्च टळतो. अर्थात वारा चांगला असलेले पठार कारखान्यापासून परवडण्याइतक्या अंतरावर असले तरच हे गणित जमते. औद्योगिक फिडरचे चित्र वेगळे आहे. फौंड्री आणि यंत्रमाग पावसाळ्यातही चालतात, त्यामुळे तेथे तीच वीज जागीच खपते आणि व्होल्टेजचा प्रश्न फारसा उरत नाही.

कारखानदाराने स्वतःसाठी पवनचक्की घेतली, तर बिलात खरोखर किती बचत होते?

१ मेगावॅटच्या पवनचक्कीचा क्षमता वापर २२ टक्के धरला, तर वर्षाला सुमारे १९.३ लाख युनिटे मिळतात. त्यांना आपल्या बिलातील युनिटचा दर लावून बचत काढणे, ही सर्रास होणारी गफलत आहे. पठारावर तयार झालेली वीज शिरोलीत वापरायची, तर व्हीलिंग आकार (वितरणाच्या तारा वापरण्याचे भाडे) आणि व्हीलिंगमधील तूट वजा होते. कॅप्टिव्ह दर्जा, म्हणजे स्वतःच्या वापरासाठीची निर्मिती हा दर्जा, नसेल तर क्रॉस सबसिडी अधिभारही (इतर ग्राहकांच्या सवलतीच्या दरासाठीचा आकार) लागतो. कॅप्टिव्ह दर्जासाठी वापरकर्त्यांची मालकी किमान २६ टक्के आणि त्यांचा वापर वर्षातील निर्मितीच्या किमान ५१ टक्के असावा लागतो, हे २००५ च्या विद्युत नियमांतील निकष आहेत. वर्षअखेर ही ५१ टक्क्यांची अट चुकली, तर त्या वर्षाच्या सगळ्याच युनिटांवर अधिभार बसतो.

२०२२ च्या हरित ऊर्जा खुला प्रवेश (जाळ्याचा वापर करून थेट निर्मात्याकडून वीज घेणे) नियमांनी पात्रतेची मर्यादा १ मेगावॅटवरून १०० किलोवॅटवर आणली, त्यामुळे मध्यम आकाराच्या फौंड्रींनाही हा रस्ता मोकळा झाला. मात्र त्या नियमांत बँकिंगची (जादा युनिटे जमा ठेवून नंतर वापरण्याची) किमान हमी महिन्याच्या हिशेबाची आहे. जुलैमधील जादा युनिटे जानेवारीच्या बिलात वळती करता येतील, असे गृहीत धरून केलेला प्रकल्प अहवाल त्यामुळे कोसळतो. पवनचक्कीचा आकार वर्षाच्या वापरावर न ठरवता जुलै-ऑगस्टच्या वापरावर ठरवावा, असे माझे स्पष्ट मत आहे.

अंदाज चुकल्यास दंड कसा लागतो?

दिवसाचे १५ मिनिटांचे ९६ भाग करून प्रत्येक भागाचे अपेक्षित उत्पादन आधी कळवायचे असते. राज्य वीज नियामक आयोगाच्या २०१८ च्या विनियमांत पवन आणि सौर ऊर्जेसाठी उपलब्ध क्षमतेच्या अधिक-उणे १५ टक्क्यांपर्यंतची चूक माफ ठेवली गेली, त्यापुढे टप्प्याटप्प्याने आकार. वाऱ्याच्या वेगाच्या घनाच्या प्रमाणात वीज बदलते, म्हणून वेगाच्या अंदाजात दहा टक्के चूक झाली, तर विजेत ती तीस टक्क्यांच्या घरात जाते. एका उपकेंद्रावरील सर्व पवनचक्क्यांचे अंदाज एकत्र देणारी समन्वय संस्था असल्याने एकाची चूक दुसऱ्यात काही अंशी मिटते. एकट्या पवनचक्कीला हा दिलासा नाही.

फिडर बंद राहिला तर नुकसान कोणाचे?

बहुतेक वेळा पवनचक्कीच्या मालकाचे. २ मेगावॅटचे यंत्र पूर्ण वाऱ्यात असताना एक दिवस लाईन बंद राहिली, तर ४८,००० युनिटे बुडतात. युनिटला ३ रुपये धरले तरी १ लाख ४४ हजार रुपये. झाडाच्या फांद्या पडणे, पिन इन्सुलेटर फुटणे, जंपर जळणे हे सगळे पावसाळ्यात, म्हणजे नेमक्या कमाईच्या दिवसांत घडते. म्हणून मे महिन्यातील झाडछाटणी आणि इन्सुलेटर बदलण्याचे काम हा फिडरवरील निर्मात्याच्या दृष्टीने खर्च नसून सर्वांत लवकर परतावा देणारी गुंतवणूक असते.

दर इतके घसरले असताना जुन्या पवनचक्क्यांचे पुढे काय?

राज्य आयोगाने २००३ मध्ये नव्या पवन प्रकल्पांना पहिल्या वर्षी युनिटला ३.५० रुपये आणि पुढे दरवर्षी १५ पैसे वाढ, असा १३ वर्षांचा दर दिला होता. २०१७ च्या फेब्रुवारीतील पहिल्या राष्ट्रीय लिलावात तो ३.४६ रुपये निघाला आणि त्याच वर्षअखेर गुजरातच्या लिलावात २.४३ रुपयांपर्यंत खाली आला. जुन्या लहान यंत्रांच्या जागी मोठी यंत्रे बसवण्याचे केंद्राचे धोरण २०१६ मध्ये आले. त्यात जाळ्याचा विचार राहून जातो तो असा: २२५ किलोवॅटची आठ यंत्रे काढून तेथे २ मेगावॅटची दोन बसवली, की तीच ३३ केव्ही तार दुपटीहून अधिक वीज वाहणार असते. तिचा आणि वरच्या ट्रान्सफॉर्मरचा अभ्यास नव्याने करावा लागतो. जुनी मंजुरी पुरत नाही.

शहरात गच्चीवर छोटी पवनचक्की लावावी का?

बहुतेक ठिकाणी नको. वेग निम्मा झाला की वीज आठव्या हिश्शावर येते, आणि इमारतींच्या दाटीत वारा मंदही असतो आणि भोवऱ्यांचाही. तेवढ्याच पैशांत सौर पॅनेल अधिक युनिटे देतील.

जोडणीचा अर्ज करण्यापूर्वी महावितरणकडून कोणती माहिती घ्यावी?

फिडरचा सर्वाधिक लोड बहुतेक जण मागतात. मागायला हवा तो सर्वांत कमी लोड, तोही जुलै-ऑगस्टमधील रात्रीचा. त्यासोबत उपकेंद्रातून सोडल्या जाणाऱ्या व्होल्टेजची तासागणिक नोंद, जोडणीच्या बिंदूवरील शॉर्ट सर्किट क्षमता, तारेची जात आणि लांबी, फिडरवरील डीपींच्या टॅपची स्थिती आणि मागील दोन-तीन पावसाळ्यांतील फिडर बंद राहिल्याचे तास. पवनचक्कीच्या उत्पादकाकडून आयईसी ६१४००-२१ मानकानुसार केलेल्या वीज-गुणवत्ता चाचणीचा अहवाल घ्यावा. फिडरची लांबी नकाशावरून न मोजता तारेखालून चालून मोजावी, कारण वाटेत कुठे जुनी, बारीक वीझल जातीची तार राहून गेली असेल तर तिचा रोध डॉग तारेच्या तिपटीहून अधिक असतो आणि तशा दोन किलोमीटरांतही वरचा सगळा हिशेब बदलतो.